परवाना ताईच्या नावाचा

माझी ताई विमा एजंट होती. म्हणजे परीक्षेला ती बसली, पास ती झाली, परवाना तिच्या नावाचा. धंदा मात्र भावोजींचा. खोट्या सह्या केल्या म्हणून त्यांचा स्वतःचा परवाना रद्द झाला होता. "परवाना गेला, गिऱ्हाइकं कुठं गेली?" म्हणत त्यांनी ताईच्या हातात पुस्तकं कोंबली. त्या धंद्यात अशी घरं खंडीभर आहेत, बायकोचं नाव आणि नवऱ्याची जीभ. ताईला मात्र ते शिकणं मनापासून आवडलं. कलमं पाठ करून ती मलाच समजावत बसायची. गिऱ्हाईक आलं की भावोजी तिला चहा करायला आत पिटाळायचे.

भावोजींची एक हातोटी होती. अर्जातल्या आजारांच्या सगळ्या प्रश्नांपुढे ते न विचारताच घाऊक 'नाही' लिहून मोकळे व्हायचे. एका गॅरेजवाल्याने आपण होऊन सांगितलं, छातीत दुखतं, औषधं चालू आहेत. "ते मी बघतो," म्हणत भावोजींनी तिथंही 'नाही'च लिहिलं. वर्षाच्या आत गॅरेजवाला हृदयविकाराने गेला. आजार लपवला म्हणून कंपनीने विम्याचा दावा फेटाळला आणि त्याची बायको पोरांसकट उघड्यावर पडली.

मग भर दुपारी त्याचा धाकटा भाऊ गॅरेजातला नटबोल्टचा हातभर लांब पाना घेऊन ऑफिसात शिरला. ऑफिस कसलं, ताईच्या घराची पुढची खोलीच. मी तिथंच होते.

"एजंट कोण इथं?"

भावोजी सुळकन न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावली. गावभर छाती काढून फिरणारा हा माणूस! ताई उठली. दारावरच्या पाटीवर तिचंच नाव होतं.

"मी," ती म्हणाली.

पहिला घाव टेबलाच्या काचेवर बसला, दुसरा ताईच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसरा मी खुर्ची मध्ये घालून अडवला. काचांवर रक्त सांडलं, ताई भिंतीला टेकून घसरली. ते बघून तो पानावाला मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. मला त्याचा गळा आवळावासा वाटत होता, खोटं कशाला सांगू?

पुढे ताईवर कंपनीची शिस्तभंगाची चौकशी लागली. "सांगायचं, मी विचारलं होतं, त्यानंच लपवलं," भावोजी पढवू लागले. तसं सांगितलं की परवाना वाचणार होता. खरं सांगितलं तर त्या विधवेचा दावा पुन्हा उघडणार होता, पण ताईचा परवाना हातचा जाणार होता. ताई उठून आत निघाली. भावोजींनी प्लास्टरबाहेर आलेली तिची बोटं धरून पिरगळली. ती किंचाळली. मी हाताला लागलेलं स्टूल त्यांच्या पाठीत घातलं. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

चौकशीच्या खोलीत तीन साहेब होते. समोर ती विधवा, शेजारी जामिनावर सुटलेला तिचा दीर.

"आजारांबद्दल तुम्ही स्वतः विचारलं होतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

ताईच्या शेजारी बसलेले भावोजी खाकरले.

"गॅरेजवाल्यांना मी कधी पाहिलंच नाही," ताई म्हणाली. "त्यांच्या भावाला तेवढं एकदा पाहिलंय." तिने प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. "अर्ज माझ्या नवऱ्यानं लिहिला. माझी सहीसुद्धा त्यांनीच ठोकली."

भावोजींनी सगळ्यांदेखत तिच्या कानशिलात लगावली. ओठ फाटला. त्यांनी पुन्हा हात उगारला, पण तो खाली आला नाही. पानावाल्याने मागून मनगट पकडलं होतं. त्याने ते असं पिरगाळलं की भावोजी गुडघ्यांवर आले.

"ह्याच हातानं लिहिलंस ना रे?" तो ओरडत होता. शिपायांनी ओढून काढेपर्यंत त्याने हात सोडला नाही.

विधवेचा दावा मंजूर झाला. भावोजींवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. परवाना गेला तो मात्र ताईचा. नाव वापरू दिलं, हा तिचा गुन्हा. निकाल ऐकायला आम्ही दोघीच गेलो होतो. माझं डोकं फिरलं, मी साहेबांना वाटेल ते बोलले. ताईने मला गप्प केलं.

"साहेब, परत परीक्षेला कधी बसता येईल?"

"पाच वर्षांनी."

"चालेल," वाकडा जुळलेला हात चोळत ती म्हणाली. "तेव्हा गिऱ्हाइकाला आजार मी विचारीन."