पाणी कोंडीबाचं, फोटो बाळासोचा

२ जून २०२४, रविवार. विजयमाला मगदूम यांच्या हाती त्या दिवशी शिबिराच्या शिलकीचे अठरा हजार सहाशे चाळीस रुपये आले. त्याबरोबर कडेगावच्या वरच्या अंगाचा पाच एकरांचा माळ, पत्र्याच्या दोन खोल्या, चौदा तंबू आणि एक गंजलेलं कुलूप. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

माळ सांगलीतल्या एका संस्थेचा. तिथं शाळा-कॉलेजच्या मुलांची शिबिरं भरायची आणि ती चालवणारे सगळे स्वयंसेवक असायचे. पगार एकालाही नाही. आधीचे प्रमुख गुडघे दुखतात म्हणून बाजूला झाले, तेव्हा हे काम विजाक्कांनी मागून घेतलं. त्यांना सगळे विजाक्का किंवा नुसतं अक्काच म्हणत. संस्थेचा चिटणीस धवल, हळदीचा व्यापारी. त्यानं किल्ली नसलेलं कुलूप टेबलावर ठेवलं आणि सरळ सांगितलं.

"अक्का, सोलरवाले मागं लागल्यात. वर्षाचं भाडं आधी देतो म्हणतात. मी तुमच्यासाठी एक वर्ष थोपवून धरतो. पुढच्या मे महिन्यात साठ पोरांचं सहा दिवसांचं शिबिर नीट झालं, तर माळ शिबिराचा. नाही झालं, तर मग माझ्यावर रुसू नका."

"रुसायला मी काय तुझी मावशी आहे?" अक्का म्हणाल्या आणि कुलूप पिशवीत टाकलं.

त्या एस.टी.तून कंडक्टर म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. माधवनगरची गिरणी बंद पडली आणि नवरा घरी बसला, तेव्हा पदरात लहान मुलगी असताना त्यांनी ती नोकरी धरली होती. पंचवीस वर्षं सांगली, विटा, कराड केलं. नवरा गेला, मुलगी चंदना पुण्याला संसाराला लागली. आता आईनं पुण्यालाच यावं, असा तिचा धोशा होता. अक्का पंधरा दिवस राहूनही आल्या. सातव्या मजल्याच्या खिडकीतून खालच्या बसगाड्या बघत बसायच्या आणि कुठली किती भरली आहे, ते जावयाला सांगायच्या. परत आल्यावर त्यांनी मुलीशी ठरवून टाकलं: माळ हातातून गेला, तर बाडबिस्तरा घेऊन पुण्याला येते. राहिला, तर इथंच. चंदनानं ते मान्य केलं. माळ राहणार नाही, याची तिला खात्री होती.

पावसाळा तंबूंच्या ओट्यांखालची माती भरण्यात गेला. श्रावणात गवत कमरेएवढं वाढलं. सुट्टीच्या दिवशी कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पल्लवी चार मैत्रिणींना घेऊन यायची, सांगलीहून ट्रॅक्टरच्या शोरूममधला इंद्रजित यायचा. कधी दहा जण असायचे, कधी अक्का एकट्याच विळा घेऊन. जे फुकट येतात त्यांना रागावता येत नाही, ही अडचण त्यांना नोकरीत कधी आली नव्हती.

गावात दुसरीच चर्चा होती. एवढी बाई उन्हातान्हात राबते, ती फुकट कशाला राबेल? स्टँडवरच्या चहावाल्यानं एकदा विचारूनच टाकलं, "अक्का, झेडपीला हुबं ऱ्हाताय व्हय? आमाला आदी सांगा, म्हंजे दुसऱ्याला शब्द द्यायला नको."

अक्कांचा नियम मात्र एकच होता. माळावर कोणाचं नाव नाही, कोणाचा फोटो नाही, 'सौजन्य' म्हणून पाटी नाही. गाडीत पाचशेची नोट देणारा आणि पासवाला एकाच बाकावर बसतात, तसं इथंही, असं त्या म्हणत. इंद्रजितला हे पटत नसे. वाढदिवसाचासुद्धा फ्लेक्स लागतो अशा मुलखात तो वाढलेला. पण ऐकत असे. दुसरा नियम जेवणाचा. अक्का जैन, त्या दिवस मावळल्यावर जेवत नसत आणि मावळल्यावर चूल पेटवतही नसत, म्हणून अख्खं शिबिर सहाला पानावर बसे. नऊ वाजता पोरं भुकेनं कळवळायची आणि इंद्रजित तंबूतंबूतून बिस्किटं वाटत फिरायचा. अक्कांना ते ठाऊक होतं. बिस्किटं संपत आली की त्या स्वतःच आणून ठेवत.

डिसेंबरातलं दोन दिवसांचं शिबिर बरं झालं. मग पाण्याचा प्रश्न आला. टेंभू योजनेचं पाणी खालच्या शिवारात खेळत होतं, पण माळ कालव्याच्या वर. शेजारी मेटकरींची विहीर होती. कोंडीबा मेटकरी आणि बाळासो मेटकरी हे चुलतभाऊ. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पावसाळा सोडून आठ महिने फिरायचे. या दोघांनी मेंढरं मोडून डाळिंब लावलं आणि एका बांधावरून बोलणं बंद केलं. विहीर दोघांची, मोटार कोंडीबाची, विजेचा मीटर बाळासोच्या वडिलांच्या नावावर. अक्कांनी कोंडीबाला विचारलं. तो म्हणाला, "पोरं हायत, घ्या की." जानेवारीपासून एक पैसा न घेता तो माळावरची टाकी भरू लागला.

एप्रिलच्या शेवटी इंद्रजितनं शिबिराचा फ्लेक्स छापून कडेगावच्या स्टँडवर लावला. नियम पाळून नाव एकाचंही घातलं नाही. फक्त माळाचा म्हणून फोनमधला एक चांगला फोटो घातला. टाकीत पाणी पडतंय, पोरं हसतायत आणि पुढं पाइप धरून एक पांढऱ्या मिशांचा रुबाबदार माणूस उभा आहे. तो बाळासो होता. त्या दिवशी म्हैस शोधत आला होता. पाइप निसटला, म्हणून त्यानं क्षणभर धरला, एवढाच त्याचा पाण्याशी संबंध.

दुसऱ्या दिवशी टाकीत पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शिबिराला आठ दिवस उरले होते.

अक्का कोंडीबाच्या घरी गेल्या. तो लिंबाखाली चातीवर लोकर कातत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"अक्का, मोटार कुणाची?"

"तुमची."

"बिल कोण भरतंय?"

"तुम्हीच."

"मग स्टँडवर पायप धरून कोण हुबा हाय? माझी सून कराडास्नं आली, गाडीतनं उतरली आन् मला म्हणती, मामा, बाळासोकाकांनी पोरास्नी पानी दिलं, लय चांगलं केलं. माझ्या तोंडावर!"

"चुकलं. इंद्रजितनं बरा दिसला तो फोटो घातला."

"बरा दिसायला त्यो काय नवरदेव हाय?" चाती जोरात फिरली. "त्याला काढा, मला घाला. लगीच मोटार सोडतो."

अक्कांनी हिशेब केला. बाळासोला काढलं, तर तो फ्यूज काढून घरी नेणार. टँकर आणावा, तर वाट कोंडीबाच्या बांधावरून. फ्लेक्सच उतरवला, तर दोघेही रुसणार. आणि त्यांचा स्वतःचा नियम होताच. त्या म्हणाल्या, "गाडीत चढलेल्या माणसाला मी कधी उतरवलं नाही. तुम्हाला त्याच्या शेजारी बसवते."

"त्याच्या मांडीला मांडी लावून? मेलो तरी न्हाई."

विट्याच्या गाडीत दोन माणसं एका बाकावरून भांडायला लागली, की अक्का मधे एखादी म्हातारी बसवायच्या. म्हातारीच्या अंगावरून हात उगारायला कोणी धजत नसे. ओसरीवर रंगुबाई तूर पाखडत होत्या. या दोघांची थोरली चुलती. दोघांनाही तिनंच वाढवलं होतं आणि बोलणं बंद असलं, तरी दोघेही सणाला तिच्याच पानावर यायचे.

"मधी रंगुबाई," अक्का म्हणाल्या.

कोंडीबाची चाती थांबली. सुपाचा आवाजही थांबला.

"मला कशापायी गं बाई?" रंगुबाई म्हणाल्या. "तोंडात एक दात न्हाई."

"तोंड मिटून बसायचं, मावशी."

"मिटून? ह्या दोघांच्या मधी?" म्हातारी हसली आणि सूप बाजूला ठेवून लुगड्याचा पदर नीट करू लागली.

कोंडीबा म्हणाला, "चुलतीच्या उजव्या अंगाला मी." बाळासोला विचारलं, तर त्यालाही उजवं अंगच हवं होतं. पण फोटोत चुलतीचं डावं अंग ते बघणाऱ्याचं उजवं, असं पल्लवीनं समजावल्यावर त्याचं समाधान झालं. दोघांना फेटा हवा होता. दोन्ही घरांत मिळून फेटा एकच. आधी कोंडीबानं बांधून फोटो काढला, मग इंद्रजितनं तोच फेटा बांधापलीकडे नेऊन बाळासोला बांधला. संध्याकाळी टाकीत पाणी पडायला लागलं.

नियम मोडला तो मोडलाच. दुसऱ्या दिवशी इंद्रजित म्हणाला, "मग आमी काय घोडं मारलंय? वर्षभर गवत आमी कापलं." पल्लवीनं तर आपला फोटो आधीच पाठवून ठेवला होता. अक्कांनी कोणाला नाही म्हटलं नाही. दोन तास फ्लेक्सवाल्याच्या दुकानात उभं राहून त्यांनी सगळ्यांना जागा लावून दिली. मधे रंगुबाई, दोन बाजूंना दोन मेटकरी, खाली झाडून सगळे स्वयंसेवक. स्वतःचा फोटो दिला नाही. इंद्रजितनं एस.टी. महामंडळाच्या ओळखपत्रावरचा कुठून तरी मिळवून कोपऱ्यात घातला. फ्लेक्स लागल्यावर अक्कांनी तो पाहिला. उतरवायला वेळ नव्हता.

शिबिर झालं. त्रेसष्ट पोरं आली. एक सांगलीचा मुलगा पहिल्या रात्री घरी जायचं म्हणून रडला आणि शेवटच्या दिवशी जायचं नाही म्हणून. कोंडीबा आणि बाळासो रोज सकाळी टाकीच्या दोन बाजूंना येऊन उभे राहायचे, एकमेकांशी न बोलता. पाचव्या दिवशी धवल आला. ऊन असतानाच वाढलेल्या पंगतीतून फिरला. पोरं मोजून झाल्यावर म्हणाला, "सोलरवाल्यांना नाही म्हणून कळवतो. पण अक्का, वर्षापुरतंच हं."

अक्कांनी त्याच संध्याकाळी चंदनाला फोन लावला. दिवाळीला चार दिवस येते, म्हणाल्या. पलीकडून मुलीनं विचारलं, "तिथं जेवण वेळेवर होतं ना तुझं?"

तंबू धुऊन, वाळवून खोलीत गेले. खोलीला नवं कुलूप आलं. दुसऱ्या फ्लेक्सवर ठरल्यापेक्षा जास्त चेहरे झाले, त्याचे साडेतीनशे रुपये कडेगावच्या फ्लेक्सवाल्याला अजून द्यायचे आहेत.