ती चित्रं बिघडलेली नव्हती

मंडळी, आज डोकं ठिकाणावर नाही, म्हणून सरळ लिहिते.

माझी सून केतकी घरीच कॉम्प्युटरवर बिल्डर लोकांच्या बिल्डिंगची चित्रं करते. एका चित्राला मशीन आठ-आठ तास घेतं. सकाळी मी तिला भाच्याच्या लग्नाचे फोटो त्यात टाकायला सांगितले. म्हणाली, "आई, जागा नाही."

बघते तर एकाच बिल्डिंगची वीस चित्रं. एकात नुसत्या सावल्या, एकात नुसती काचेवरची चमक, एकात धुळवडीसारखे लाल-हिरवे रंग. मी म्हटलं, "चांगलं एक ठेव, बिघडलेली काढ." तिनं काढली. कॉम्प्युटरच्या कचरापेटीतूनसुद्धा. मी शेजारीच उभी होते.

दुपारी गुजराती बिल्डरचा फोन, पाचच्या मीटिंगआधी काच जरा फिकट करून हवी म्हणून. "बेन, काच थोडो लाइट करी आपो ने, पांच वागे मीटिंग छे."

तेव्हा केतकीनं मला सांगितलं. त्या चित्रांना रेंडर पास म्हणतात, एकाच चित्राचे सुटे थर. ती असती तर तेवढी काच बदलून दहा मिनिटांत काम झालं असतं. आता परत आठ तास. पाचपर्यंत होणार नाही कळल्यावर पुढची बिल्डिंग दुसऱ्याला देतो म्हणाला तो.

मी ओरडले, "मग सकाळी तोंड का नाही उघडलंस?"

"दोनदा उघडलं, आई. तुम्ही 'कळलं, कळलं' म्हणालात."

म्हणाले होते. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी तिनं रोजच्यासारखा चहा आणून दिला. कप तसाच ठेवून हे लिहायला बसले.

तुम्ही घरात समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकता का? खरं सांगा.