गडबला अडलेला पंखा

त्या दुपारी मी एलियाहू हनाबीवर, आमच्या एलिया प्रेषितावर, चक्क रागावले होते. आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत त्याचं नाव घेऊन मलिद्याचा नवस बोलला की अडलेलं काम मार्गी लागतं, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. मी तर पेणहून निघतानाच नवस बोलले होते. मलिद्याच्या प्रसादाला लागणारे पोहे, नारळ, फळं सगळं बांधून बरोबर घेतलं होतं. आणि गडबच्या पुढे, हायवेच्या कडेला, आमची गाडी वाफा सोडत उभी! म्हटलं, देवा, आजचाच दिवस सापडला का तुला?

गाडी म्हणजे आमच्या यांचं वेड. कंपनीतून निवृत्त झाल्यावर यांनी एक जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि ड्रायव्हरच्या सीटमागे बटणांचा हा एवढा बोर्ड. मी त्या गाडीला नाही नाही ती नावं ठेवली, पण शेवटी तीच कामाला आली. यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, कितीतरी वर्षांनी इस्राएलहून परतल्या त्या आजार घेऊनच. त्यांना बसवत नव्हतं, नुसतं पडून राहता येई. त्यांचा एकच हट्ट होता. रोह्याच्या ज्या घरात त्यांची आई शुक्रवारचा दिवा लावायची, तिथं एकदा आपल्या हातानं दिवा लावायचा. त्या घरात आता आमचे चुलत दीर राहतात. पुढच्या शुक्रवारचं डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते, म्हणून हाच शुक्रवार धरला. सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस लागतो. मग दिवा लावायचा नाही, बटण दाबायचं नाही, गाडी चालवायची नाही. म्हणजे जे काय करायचं ते उजेडातच.

आणि इथं इंजिनाचा काटा लाल रेषेला टेकलेला. यांनी बॉनेट उघडलं. इंजिनाला वारा घालणारा पंखा ढिम्म उभा होता. हे तसे हौशी, पण काही शिकलेले मेकॅनिक नव्हेत. फ्यूज काढून पाहिला, तो चांगला. वायरी हलवून पाहिल्या, त्याही घट्ट. काठीनं पातं ढोसलं तर गरकन फिरलं, म्हणजे अडकलंही काही नव्हतं. "मोटरच जळली असणार," हे कपाळाला हात लावून म्हणाले. पेणच्या गॅरेजवाल्याला फोन केला, तो म्हणे उद्या सकाळी बघू. उद्या! मी नुसती आत-बाहेर करत होते. घड्याळ बघ, सूर्य बघ, वन्संचं तोंड बघ. यांच्यावर खेकसले, "कशाला पाहिजे होतं हे भंगार?" हे पुन्हा वायरी चाचपू लागले. वन्सं मात्र छताकडे टक लावून पडल्या होत्या.

रस्त्याकडेला एक बाई वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. वाफ बघून ती पाण्याचा हंडा घेऊन आली, तो यांच्याजवळ ठेवला आणि न विचारता सरळ गाडीत चढली. वन्संच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "अगो बाय, केवढा घाम हा! पंखा नाय का तुमच्यात?"

पंखा होता, डोक्यावरच होता. पण निघायच्या आधी मी बोर्डावरची सगळी बटणं बंद करून वर चिकटपट्टी लावली होती. रोह्याला पोचल्यावर वेळ मिळणार नाही, आणि शब्बाथात सवयीनं कुणाचा हात जाऊ नये, म्हणून. तिला तसं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आला काय तुमचा शब्बाथ?"

"नाही अजून, पण येतोय ना."

"मग येल तवा बंद कर गो. आता हिचा जीव चाललाय त्याचं काय?" म्हणत तिनं फर्रकन पट्टी ओढली आणि कुठलं बटण कशाचं ते न बघता सगळीच्या सगळी चालू केली.

डोक्यावरचा पंखा सुरू झाला, आणि त्याच क्षणी पुढून यांची आरोळी आली. इंजिनाचा पंखा गरगर फिरत होता. हातात काठी होती म्हणून यांची बोटं वाचली! त्या पंख्याचं वेगळं बटण यांनी त्याच बोर्डावर बसवलं होतं. ते कायम चालूच असायचं, त्यामुळे ते कुणी बंद करील हे यांच्या डोक्यातही आलं नाही, आणि ते कशाचं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याच भक्तीनं गाडी अडवली होती. लाज वाटली, हसू आलं, आणि रडूही. इंजिन निवल्यावर यांनी तिच्या हंड्यातलं पाणी ओतलं. मी तिचे हात धरायला वळले, तर ती परत शेंगांपाशी जाऊन गिऱ्हाइकाशी बोलत होती.

ती कोण होती, एलियाहू हनाबीनंच पाठवली होती का, हा वाद मी घालत नाही. मला एवढंच कळलं की मी सगळं आवरून, बंद करून देवाच्या स्वाधीन केलं असं समजत होते, पण खरं म्हणजे सगळं माझ्याच मुठीत धरून बसले होते. ती मूठ एका परक्या बाईनं सोडवली.

नागोठणं मागं पडलं, निडी आलं, तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. यांनी कधी नव्हे ती गाडी पळवली. पुढचा शुक्रवार वन्संना खरंच मिळाला नाही, पण हा मिळाला. दिरांनी आणि यांनी त्यांना चादरीसकट उचलून आत नेलं. जावेनं काचेच्या पेल्यात तेल-वात घालून ठेवलीच होती. पहिली काडी विझली. दुसरीला मी त्यांचं मनगट धरलं, आणि वात पेटली. दिवा लागला की डोळ्यांवर हात घेऊन प्रार्थना म्हणायची आमची रीत. मी सवयीनं म्हटलं, "वन्सं, डोळे झाका."

"तू झाक गो," त्या म्हणाल्या. "मला बघू दे."

मी डोळे झाकले. मागायचं म्हणून मनात घोकून ठेवलेलं एकही आठवेना. नुसतं तुझे उपकार, तुझे उपकार, एवढंच म्हणत राहिले.