आपोआप चालू होणारी मोटर

दुष्काळाच्या त्या वर्षी पडेगावात आठ दिवसांनी नळ यायचे. मोटर लावायची राहिली की पुढचे आठ दिवस टँकर! म्हणून सोसायटीनं करमाडहून एक मेकॅनिक बोलावला. कानावर टेस्टर खोचलेला तो माणूस लॅपटॉपशी लाडानं बोलायचा, "ऐक ना रे राजा." नळ आले की मोटर आपोआप चालू होईल, असा प्रोग्राम त्यानं खटक्याच्या डब्यात भरला.

"लई शहाणं हाय हे. आता कुणी थांबायचं नाय," त्यानं बजावलं.

नळाच्या दिवशी अख्खी सोसायटी मोटरीभोवती उभी. खट्ट झालं, मोटर घरघरली आणि आम्ही चक्क नाचलो. टाकीमागूनही टाळ्या आल्या. बघतो तर तोच!

"तुम्ही इथं कसे हो?"

"कुणी नसताना चालतंय का, ते बघाया आलतो."