पोत्यांच्या काट्यावरची चरबी

लीलावती स्वामी मॅडमची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. महाविद्यालयात रसायनशास्त्राचा अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो त्या सकाळी मी माझी स्कूटर सरळ मैदानातून घातली. शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख असलेल्या मॅडम तेव्हा फक्कीची बादली घेऊन धावपट्टीच्या रेघा आखत होत्या. "सर, उतरा खाली. गाडी ढकलत न्या, अन् पुसलेली रेघ तुमीच आखून द्या," त्या म्हणाल्या. माझी नवी पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली. पुढे आम्ही निवृत्तीपर्यंत शेजारच्या खोल्यांत काम केले आणि मी त्या मैदानातून पुन्हा कधी गाडी नेली नाही.

मॅडमनी आमच्या भागातल्या मुलींना मैदानावर आणले, हे सगळे जाणतात. कसे आणले, ते फार थोड्यांना माहीत आहे. घाटनांदूरकडच्या एका घरी मी त्यांच्यासोबत गेलो होतो. मुलीचे वडील म्हणाले, "पोरीला सासरी काय रेसा लावायच्यात का?" मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी चहा घेतला, नंतर जेवणही घेतले, आणि वडील "बरं, न्या" म्हणेपर्यंत त्या ओट्यावरून हलल्या नाहीत. ती मुलगी आज क्रीडाशिक्षिका आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी सहकारी साखर कारखान्याच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी पहाटेचा वर्ग सुरू केला. फी नाही, गणवेश नाही. उलट भिजवलेले हरभरे आणि गूळ मॅडमच घरून आणत. टँकर आमची गल्ली चुकवून गेला की त्यांच्या घरची एक कळशी न सांगता आमच्या दारात येई. माझी पत्नी तेव्हा आजारी होती, एवढेच कारण.

इथवरचे लिखाण मॅडमच्या गौरवग्रंथाच्या समितीला आवडेल. "सर, गोड लिहा, ते भांडाराचं प्रकरण तेवढं टाळा," असा निरोप मला आला आहे. क्षमा करा, मला टाळता येत नाही. ते टाळून मॅडमचा गौरव करायचा म्हणजे त्यांचे नाव ठेवून त्यांनाच वगळायचे.

दुष्काळाचे वर्ष होते. ऊस नव्हता, गाळप बंद होते, कारखान्याच्या सहकारी ग्राहक भांडारात साखरेपलीकडे काही खपत नव्हते. तेव्हा संचालक मंडळाने गल्ल्याशेजारी चकचकीत डबे मांडले. चरबी जाळणारी पावडर आणि गोळ्या! व्यायामाआधी घ्या, धावताना चरबी जळते, अंग हलके होते, भरती पक्की! ज्या गावांत माणसे जनावरांच्या छावणीत राहून आली, त्या गावांतल्या काटक्यांसारख्या पोरांना ही चरबी जाळायची औषधे! मी आज हे लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जाळायला अंगावर होते काय त्यांच्या?

आणि पुरावा म्हणून भांडारातला पोत्यांचा काटा. विक्रेता पोरांना धावण्याआधी काट्यावर उभे करी, धावून आल्यावर पुन्हा उभे करी. आकडा उतरलेला असे. "बघा, जळाली चरबी!" पोरांनी विश्वास ठेवला. त्याच काट्यावर त्यांच्या बापांनी आयुष्यभर तूर-सोयाबीन मोजले होते, तो खोटे कसे बोलेल? काही मुलींनी तर पुढची पायरी शोधली. पाणी प्यायले की आकडा वाढतो, म्हणून पाणीच सोडले.

रेणुका त्यातलीच. वडिलांनी तिला सांगून ठेवले होते, भरती झाली तर नोकरी, नाहीतर लग्न. एका पहाटे दुसऱ्या फेरीतच ती मैदानावर कोसळली. छाती धडधडत होती, ओठ कोरडे पडले होते. जीपमधून अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेताना मॅडमनी विचारले, "काय खाल्लंस?"

"गोळी घेतलती."

"अन् भाकर?"

"न्हाई. भाकरीनं चरबी हुती म्हनं. पानी बी न्हाई प्याले, काट्यावर दिसतं."

मॅडमनी रेणुकाच्या गोळ्यांचा डबा माझ्याकडे आणला. त्यावर छापल्याप्रमाणे त्यात मुख्यतः कॅफिन होते, चहातलेच, पण कितीतरी जास्त. बाकी वनस्पतींचे अर्क. व्यायाम करताना कॅफिनने चरबीचा वापर थोडाफार वाढू शकतो. पण थोडाफारच, आणि तेवढ्याने अंगावरची चरबी उतरत नाही, ते दिवसभराच्या खाण्यावर ठरते. बाकीचे मॅडमना माझ्याहून जास्त ठाऊक होते. "सर, जोराच्या धावेत शरीर भाकरीतली साखर जाळतं. चरबीची पाळी सावकाश चालीत. म्हंजे यांचं खरं धरलं तरी भरतीच्या आठशे मीटरला उपयोग शून्य!"

भाद्रपदातल्या कडक उन्हात भांडाराची वार्षिक सभा भरली. आमच्या सभांची रीत सर्वांना ठाऊक आहे. सचिव विषय अर्धा वाचतात तोच मागून "मंजूर, मंजूर" सुरू होते. डब्यांची विक्री चालू ठेवण्याचा विषय आला. विक्रेत्याने एका तरुणाला आधी काट्यावर उभे केले, मग उन्हात बराच वेळ आवाराभोवती पळवून आणले आणि पुन्हा काट्यावर चढवले. आकडा उतरला, टाळ्या पडल्या.

मॅडम उठल्या. त्यांनी रांजणातून तांब्याभर पाणी घेतले, त्या तरुणाला काट्यावर उभ्या उभ्याच पाजले. आकडा जवळपास पूर्वी होता तिथे आला.

"चेअरमनसाहेब, चरबी परत आली का? दुष्काळात लेकरांच्या अंगातलं पानी काढून तुमी चरबी म्हनून इकायलात. एक पोरगी दवाखान्यात हाय!"

चेअरमन म्हणाले, "मॅडम, बसा की. कावून सभा खराब करायलात?"

आणि मागून आवाज आला, "मंजूर, मंजूर!" हे डोळ्यांनी पाहिलेल्या चारशे-पाचशे माणसांनी विषय मंजूर केला. त्यांत प्राध्यापक होते, वकील होते. विरोधात हात दोनच, मॅडमचा आणि माझा. त्या आठवड्यात मैदानाच्या फाटकाला कुलूप लागले.

मॅडमनी वर्ग आटलेल्या तलावाच्या पात्रात नेला. भेगाळलेल्या गाळावर त्यांनी फक्कीने रेघा आखल्या. रेणुकाची ती भरती हुकलीच. मॅडम तिच्या घरी जाऊन बसल्या आणि वडिलांकडून एक वर्ष मागून आणले. ते वर्षभर ती रोज त्यांच्या समोर भाकरी खाई, पाणी पिई आणि मग धावे. पुढच्या भरतीत ती निवडली गेली. आज ती पोलीस शिपाई आहे.

पण डबे गेले नाहीत. नाव बदलून, नव्या रंगात, आजही त्याच गल्ल्याशेजारी आहेत. या ग्रंथात चेअरमनसाहेबांच्या शुभेच्छा रंगीत पानावर आहेत, असे कळते.

मॅडम पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, तरी पहाटे तलावावर जातात, कारण नव्या पोरींच्या पिशव्यांत त्या गोळ्या नाहीत ना, हे त्यांना रोज तपासावे लागते. मॅडम, आपण शंभरी गाठावी, धडधाकट राहावे, हे मी मनापासून मागतो. पण मागताना मला आम्हा सर्वांची लाज वाटते. त्या दिवशी सभेत बसलेल्या प्रत्येकाने एक हात वर केला असता, तर या वयात आपल्याला पहाटे उठावे लागले नसते. आम्ही आपल्याला दीर्घायुष्य चिंततो ते आपल्यासाठी, की आमच्या वाटचे उभे राहणे आपण करीत राहावे म्हणून?