एतेल्विनाचं घर समुद्र ओलांडतं

एतेल्विना चिग्वायला घर हलवायची काही हौस नव्हती. एक्काहत्तर वर्षांच्या बाईला असल्या हौशी परवडत नाहीत. सकाळी चूल पेटवावी, केटली चढवावी आणि लोकर कातता कातता खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्या होड्यांना नावं ठेवावीत, एवढं मिळालं की ती खूश. चिलोए या मोठ्या बेटाच्या कुशीतल्या छोट्या मेलिंको बेटावर तिचं चार खोल्यांचं पिवळं लाकडी घर होतं, सात कोंबड्या होत्या आणि एक डुक्कर होतं. डुकराला नाव ठेवलं नव्हतं, कारण नाव ठेवलं की कापवत नाही.

शाळेत ती दोन हिवाळे गेली. तिसऱ्या हिवाळ्यात मास्तरच आले नाहीत आणि तिनंही त्यांना शोधलं नाही. नवरा मेंढ्या भादरायला दक्षिणेत गेला तो तिकडचाच झाला. तो गेल्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही, त्याच्याबरोबर चांगली कात्री गेली त्याचं वाटलं. दोन मुलं तिनं एकटीनं वाढवली. मुलगा बेलार्मिनो बैल हाकायचा आणि गावातल्या कुठल्याही जड कामात पुढे असायचा. मुलगी पुंता अरेनासला मासे डबाबंद करायच्या कारखान्यात लागली आणि जाताना आपली चार वर्षांची निदिया आईच्या ओटीत ठेवून गेली. तेव्हापासून आजी आणि नात एकाच चुलीपाशी. दोघी दिवसभर भांडायच्या, आणि एखादा दिवस भांडण झालं नाही तर शेजारी विचारायचे, कुणी आजारी आहे का?

निदिया एकोणीस वर्षांची झाली आणि विणलेले स्वेटर विकायला कास्त्रोच्या बाजारात बसू लागली. तिथं तिला 'पहाटेची मंडळी' भेटली. गिटार वाजवणारी, डोक्यातून घालायच्या पांढऱ्या शाली, पोंचो, पांघरणारी, हसरी माणसं. त्यांनी स्वेटर घेतला नाही. त्यांनी विचारलं, "तू कशी आहेस?" आणि उत्तर ऐकायला थांबले. त्या वर्षी आईची पत्रं यायची बंद झाली होती आणि पोरगी ते कुणाला बोलली नव्हती. घरी आजी तिला तीच गोष्ट विचारायची, पण अशी: "तोंड का पाडलंयस, कोंबड्यांना दाणे टाकलेस का?" त्यातलं पहिलं वाक्य मायेचं आहे हे निदियाला कुणी सांगितलंच नव्हतं. हे एतेल्विनाच्या मागाहून लक्षात आलं आणि बराच काळ रुतून बसलं.

मंडळींचा प्रमुख म्हणजे भाऊ लुसेरो, राजधानीकडून आलेला. आवाज मधासारखा. समोरच्या किनाऱ्यावर, पुंता रेदोंदाला, दुधाची जुनी बंद पडलेली डेअरी होती, तिथं त्यांनी बस्तान मांडलं. वीस-बावीस तरुण पोरं-पोरी. नियम साधे होते. भाऊ लुसेरो बोलले की तो शब्द पाळायचा. ओट्स आणि उकडलेला पाला खायचा. आणि घर सोडून आलेल्यानं मागं वळून घराकडे बघायचं नाही. निदियाही तिथंच जाऊन राहिली आणि तिचं नाव बदलून त्यांनी सेरेना ठेवलं.

बेलार्मिनो मामाला हे कसं सहन व्हावं? तो दोन मित्रांना घेऊन गेला, किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या भाचीला त्यानं बटाट्याच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि होडी सोडली. निम्म्या वाटेत तिनं उडी मारली आणि थंडगार पाण्यातून पोहत परत गेली. दुसऱ्या दिवशी डेअरीच्या फाटकाला कुलूप लागलं. पंधरा दिवसांनी चिठ्ठी आली: मला आता घर नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळे उत्तरेला वाळवंटात जाणार, तिथं पहाटेची वाट बघणार. मला शोधू नका.

एतेल्विनानं ती चिठ्ठी शेजारणीकडून तीनदा वाचून घेतली. तिसऱ्या दिवशी ती होडीनं समोरच्या किनाऱ्यावर जाऊन जुन्या ओळखीच्या रुदेसिंदाला भेटून आली. चौथ्या दिवशी तिनं मुलाला बोलावलं.

"बैल किती जोड्या मिळतील रे?"

"कशाला?"

"घर न्यायचंय. पुंता रेदोंदाला. रुदेसिंदाचं बटाट्याचं शेत डेअरीला लागूनच आहे, कोपरा देते म्हणालीय."

बेलार्मिनो खाली बसला. "आई, तुला वेड लागलंय का?"

"लागलं की तुलाच पहिल्यांदा सांगेन. आधी बैलांचं बोल."

"अगं पण घर नेऊन काय होणार?"

"तू तिला ओढायला गेलास, ती पळाली. घर ओढलं तर ते पळत नाही. मागं वळून घराकडे बघायचं नाही म्हणतात ना तिथं? नको बघू दे. आपण तिच्या पुढ्यात जाऊन उभं राहू. मग बघू कुठं बघते ती!"

बेटावर घर हलवायचं म्हणजे मिंगा बोलवायची. पैसे द्यायचे नाहीत, जेवण द्यायचं. ज्याचं घर त्यानं स्वतः दारोदार जाऊन हात जोडून मागायचं, आणि समोरच्यानं एकदा 'येतो' म्हटलं की ताप असो, रुसवा असो, त्याला यावंच लागतं. शब्द देऊन न येणाऱ्याचं नाव लोक त्याच्या नातवंडांनाही ऐकवतात. एतेल्विना सहा दिवस फिरली. ज्या ओयार्सोंशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं त्यांच्याही दारात गेली. म्हातारा ओयार्सो म्हणाला, "येतो. पण बोलणार नाही." ती म्हणाली, "तोंड नकोच आहे तुमचं. बैल हवेत."

राहिला नवा शेजार. जिथं घर जाणार तिथल्या शेजाऱ्यांनाही विचारावं लागतं, नाहीतर त्यांचा अपमान. म्हणून ती होडीत बसून डेअरीच्या फाटकाशी गेली. भाऊ लुसेरो स्वतः आला. मागं पोरं-पोरी रांगेत उभी. त्या रांगेत केस कापलेली, गालाची हाडं वर आलेली निदियाही, नजर जमिनीवर.

"आजी," लुसेरो गोड बोलला, "इथं कुणी कुणाची नात नाही. सगळी पहाटेची लेकरं आहेत."

"असतील की. मी नातीसाठी नाही आले. शेजारी म्हणून आले. शनिवारी माझं घर इथं यायचंय, दोरीला हात लावायला याल का विचारायला."

"घर येणार? कुठून?"

"समुद्रातून. दुसरं कुठून येणार?"

लुसेरोनं तिच्याकडे पाहिलं. म्हातारीचं डोकं फिरलंय अशी त्याची खात्री पटली आणि त्याला तिची दया आली. अशा माणसाच्या हो ला हो म्हणावं, म्हणजे ते शांतपणे निघून जातं, असं शहरातली शहाणी माणसं करतात. तो हसून म्हणाला, "येतो ना आजी. आम्ही सगळे येतो."

"शब्द?"

"शब्द."

रांगेतल्या सात जणांनी एकदम मान वर केली. ते सात जण बेटांवर जन्मलेले होते. एतेल्विनानं फक्त मान हलवली आणि होडीत येऊन बसली. वल्हं मारणाऱ्या मुलाला म्हणाली, "बेलार्मिनो, जेवणाला वीस पानं वाढव."

मंडळी निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अर्धं बेट किनाऱ्यावर. घराच्या खिडक्या-दारं काढून आधीच होडीतून पुढे पाठवली होती. घराखाली दोन लांबलचक ओंडके बसवले होते. बैलांच्या आठ जोड्यांनी ओहोटीच्या वेळी घर वाळूपर्यंत आणलं. कडेनं रिकामी पिंपं बांधली. भरती चढली, तसं घर कुरकुरलं, हललं आणि तरंगायला लागलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दोन मोटरबोटींनी दोर घेतले आणि पिवळं घर समुद्रावरून निघालं. एतेल्विनाला सगळ्यांनी सांगितलं, होडीत बस. ती ऐकते कसली! "माझं घर परगावी चाललंय आणि मी मागून पाहुणीसारखी येऊ?" असं म्हणून ती स्वयंपाकघरातच उभी राहिली, चुलीला धरून. पाणी फळ्यांमधून घोट्यापर्यंत आलं तशी तिनं बूट काढून चुलीवर ठेवले.

पुंता रेदोंदाला रुदेसिंदानं सकाळीच खड्डा खणून दगड तापवले होते. त्यावर शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, बटाट्याच्या पिठाचे मिल्काओ, सगळं थरावर थर, वरून मोठ्ठाली पानं आणि माती. खड्ड्यातल्या या जेवणाची, कुरांतोची, वाफ वाऱ्यावर चढून सरळ डेअरीच्या अंगणात जात होती. रुदेसिंदानं खड्डा नेमका तिथंच का खणला असं नंतर कुणी विचारलं तर ती म्हणायची, माती मऊ होती.

घर किनाऱ्याला लागलं आणि घोटाळा झाला. बैल तराफ्यांवरून मागून यायचे होते, त्यांच्या तीनच जोड्या पोचल्या होत्या. बाकीच्यांचा तराफा भरतीच्या ओढीत मागं राहिला. तेवढ्यात डाव्या बाजूचा ओंडका चिखलात रुतला. घर कललं. पाणी उतरायच्या आत ते वर ओढलं नाही तर रात्रीतून चिखलात बसणार, आणि पुढच्या भरतीला फळ्या सुट्या होणार.

"माणसं!" बेलार्मिनो ओरडला. "दोरीला माणसं या!"

बायका आल्या, म्हातारे आले. घर हाललं नाही.

कुंपणापलीकडे पांढरे पोंचो रांगेत उभे राहून बघत होते. भाऊ लुसेरो म्हणाला, "सगळे आत चला. प्रार्थनेची वेळ झाली."

कुणी हललं नाही. मग निदिया बोलली. आठ महिन्यांत त्यानं विचारल्याशिवाय ती पहिल्यांदाच बोलत होती.

"भाऊ, तुम्ही शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"मिंगेचा. सगळे येतो म्हणालात."

"अगं, ती म्हातारी भ्रमिष्ट आहे असं वाटलं मला. तिच्या मनाला बरं वाटावं म्हणून म्हटलं ते."

"म्हणजे खोटं बोललात?"

 आठ महिने लुसेरोनं या पोरांना एकच शिकवलं होतं, माझा शब्द म्हणजे शब्द. आता तोच शब्द चिखलात कलून उभा होता आणि किनारपट्टीचे सगळे लोक बघत होते.

"भाऊंनी शब्द दिलाय, मी तो पाळते," निदिया म्हणाली आणि कुंपणाच्या तारेखालून वाकून पलीकडे गेली. मागोमाग बाकीचे सहा. मग ज्यांनी जन्मात मिंगा पाहिली नव्हती तीही पोरं, कारण उभं राहून बघणं जास्त अवघड झालं होतं.

तिनं दोरी धरली आणि लगेच ओरडली, "मामा! डोळे आहेत का बटाटे? डावा कोपरा आधी उचला, तिथं चूल आहे, सगळं वजन तिथंच!"

"आठ महिन्यांनी तोंड उघडलं आणि पहिली शिवी मला!" बेलार्मिनोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता. "घाला रे फळ्या डावीकडे! एक... दोन... ओढाऽऽ!"

तेवढ्यात लुसेरोही आला, नाइलाजानं. म्हाताऱ्या ओयार्सोनं काही न बोलता दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. सगळ्यांनी जोर लावला, घर एकदम सुटलं, आणि ज्यांना सवय होती ते मागं सरकले. भाऊ लुसेरो चिखलात बसला तो कमरेपर्यंत. निदियाला हसू फुटलं. तिनं दाबून पाहिलं, ते नाकातून आलं, आणि मग तिला थांबवताच येईना. तिच्या शेजारची पांढऱ्या पोंचोतली पोरगीही हसायला लागली, तोंडावर हात धरून, इकडेतिकडे बघत. पण कुणी रागावलं नाही.

घर उतारावरून वर चढलं. बिनदाराच्या चौकटीत अनवाणी एतेल्विना उभी. निदिया समोर येऊन थांबली. किती दिवस आजीनं या वेळेसाठी शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे कुठं गेले कोण जाणे.

"किती बारीक झालीस," ती म्हणाली. मग स्वतःलाच आवरून म्हणाली, "कशी आहेस, बाळा?" आणि उत्तर ऐकायला थांबली. कोंबड्यांचं काही विचारलं नाही. निदिया उंबरठ्यावर बसली आणि सांगायला लागली, आईच्या पत्रांपासून. कुरांतो उघडला, लोकांनी हाका मारल्या, अकॉर्डियन सुरू झालं, तरी आजी उठली नाही. शेवटी रुदेसिंदाच ताट घेऊन आली. निदियानं नऊ मिल्काओ खाल्ले. मोजले बेलार्मिनोनं.

रविवारी सकाळी डेअरीपुढे बस येऊन उभी राहिली. भाऊ लुसेरो स्वच्छ पोंचो घालून दारात उभा, एकेकाला नावानं हाक मारत होता. "सेरेना!" अशी हाक आली. रात्री आजीच्या घरी झोपलेल्या निदियानं बूट घातले आणि निघाली.

बेलार्मिनो दोरी घेऊन उठला.

"खाली बस," एतेल्विना म्हणाली.

"अगं, ती चालली!"

"पाय तिचे आहेत. बस म्हणते ना."

बसायला सांगितलं खरं, पण तिला स्वतःला नुसतं बसवेना. तिनं बटाट्यांची टोपली पुढ्यात घेतली आणि सोलायला लागली. एक सोलला, दोन सोलले. सालांबरोबर निम्मा बटाटा जात होता. बाहेर बसचं इंजिन सुरू झालं. गिअर पडल्याचा आवाज आला. मग तो आवाज टेकडीमागं गेला आणि कोंबड्यांचा तेवढा राहिला.

पायऱ्यांवर पावलं वाजली. एकाची नव्हेत.

"आजी," निदिया दारातून म्हणाली, "ही मिरेया, आणि ही तामार. मिरेयाचं घर पार उत्तरेला आहे, तिच्या वडलांना तार करायचीय. तामारला कुणीच नाही. माझं सामान आणायला गेले तर दोघी फाटकापाशी रडत उभ्या होत्या, बसमध्ये चढवेना म्हणून. मी म्हटलं, चला."

एतेल्विनानं डोळे पुसले ते मनगटानं, सुरी हातात होती म्हणून. दोघींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"झोपायला खाटा दोनच आहेत," ती म्हणाली. "आणि या घरात ओट्स शिजत नाहीत, आत्ताच सांगून ठेवते."

"चालेल," तामार पुटपुटली.

"चालेल तर उभी काय राहिलीस? बेलार्मिनो, त्यांना सुऱ्या दे. आणि बटाटा कसा सोलतात ते निदिया दाखवेल, मामाकडून शिकू नका, तो अर्धा फेकतो."

बेलार्मिनोनं आईच्या पुढ्यातल्या जाड सालांच्या ढिगाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं सुऱ्या शोधायला गेला.