परतीचे पैसे

सुपरमार्केटच्या तीन नंबरच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंना दुकानातले सगळे फौजदारबाई म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. पण बाईंना ते माहीत होतं, कारण त्यांना माहीत नाही असं त्या दुकानात काही नव्हतंच. बावीस वर्षं त्या त्याच खुर्चीवर बसत होत्या. गिऱ्हाईक आलं की आधी नजर ट्रॉलीच्या तळाशी, मग त्याच्या पिशवीकडे आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्याकडे. कुणी बादली घेतली तर बादलीत हात घालून बघायच्या. कुणी फार गोड बोललं की त्यांच्या मनात पाल चुकचुकायची. कुणी काहीच बोललं नाही तरी चुकचुकायची. सासरी गेलेल्या लेकीने सहज फोन केला तरी यांचा पहिला प्रश्न, "आज कशी काय आठवण झाली? आणि मागे कोण बोलतंय?" लेक बिचारी म्हणायची, "टीव्ही लावलाय गं आई."

पुढे काउंटरवर फोनने पैसे द्यायची सोय झाली आणि बाईंच्या संशयाला चरायला नवं कुरण मिळालं. नोट निदान हातात तरी येते. फोनवर काय, एक हिरवी खूण दिसते आणि माणूस पिशवी उचलून चालू लागतो. बाकीच्या कॅशियर ती खूण बघून मान हलवायच्या. बाई मात्र माणसाला थांबवून ठेवायच्या.

"गेले हो पैसे. हे बघा ना."

"तुमच्याकडून गेले. माझ्याकडे कुठे आलेत अजून?"

त्यांच्या स्क्रीनवर रक्कम उमटेपर्यंत अख्खी रांग ताटकळायची. मागून कुणी कुरकुर केली की बाई मान वर न करता म्हणायच्या, "घाई असेल तर चार नंबरवर जा." चार नंबरवर त्यांच्याहून मोठी रांग असायची.

अशा बाईंच्या नजरेतून निळ्या पिशवीवाली सुटेल, हे शक्यच नव्हतं.

पस्तिशीची, सडपातळ, खाली बघून चालणारी बाई. दर दहा-बारा दिवसांनी यायची. घरात लागणारं नेहमीचं सामान घ्यायची आणि त्यात एक महागडी वस्तू हमखास असायची. कधी धुण्याच्या पावडरीचा सगळ्यात मोठा खोका, कधी दूध पावडरीचा डबा, कधी पाच लिटर तेलाचा कॅन. पैसे फोनने द्यायची. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, नेमकी तीच एक वस्तू निळ्या पिशवीतून परत आणायची. सील शाबूत, पावती सोबत.

दुकानाचा नियम असा होता की न उघडलेली वस्तू सात दिवसांत परत घ्यायची. फोनने आलेले पैसे खरं तर फोनवरच परत पाठवायचे, पण त्याला मॅनेजरचा पासवर्ड लागायचा, आणि मॅनेजरसाहेब दुपारी वरच्या गोदामात असायचे. किरकोळ रकमेसाठी त्यांना कोण खाली बोलावणार? सगळ्या कॅशियर गल्ल्यातून रोख देऊन मोकळ्या व्हायच्या. साहेबांनाही ते ठाऊक होतं.

पहिल्या वेळी बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वेळी त्यांनी लक्षात ठेवलं. चौथ्या वेळी त्यांनी खोका वजनकाट्यावर ठेवला, चष्मा लावून सील तपासलं, तळाचा वास घेतला. काही नाही, खोका जसाच्या तसा. त्यामुळे तर त्यांचा संशय जास्तच बळावला. इतका चोख व्यवहार प्रामाणिक माणूस कशाला करेल? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. फोन दुसऱ्या कुणाचा असणार, त्यातले पैसेही दुसऱ्याचे, आणि ही बया ते इथून रोख करून नेते, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं आणि मॅनेजरसाहेबांना गाठलं.

"पण यात दुकानाचं काय जातंय?" साहेबांनी विचारलं.

"काहीच जात नाही. म्हणून तर म्हणते."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बरं, पुढच्या वेळी मला बोलवा. पासवर्ड टाकून देतो."

पुढच्या वेळी दूध पावडरीचा डबा होता. बाईंनी डबा घेतला, पावती घेतली, आणि रोख द्यायच्या ऐवजी इंटरकॉम उचलला.

"रोख मिळणार नाही ताई. ज्या फोनवरून पैसे आले, त्याच खात्यात परत जातील. नियम आहे."

त्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं. "नको. मग राहू द्या. डबा द्या परत, मी घेऊन जाते."

"का बरं? पैसे तुमचेच आहेत ना?"

"तसं नाही. प्लीज. डबा द्या."

तोवर साहेब जिना उतरून आले, पासवर्ड टाकला, आणि फौजदारबाईंनी बटण दाबलं. निळ्या पिशवीवाली स्क्रीनकडे बघत उभी राहिली. भांडली नाही. रिकामी पिशवी घडी घालून छातीशी धरली आणि निघून गेली. बाईंना त्या दिवशी घरी जेवण फार गोड लागलं. चोर सापडला नव्हता, पण चोरी बंद पाडली होती.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आला. इस्त्रीचा शर्ट, व्यवस्थित भांग, आवाज मऊ. रांगेत उभा राहिला, आपला नंबर आल्यावर हसला आणि फोन काउंटरवर ठेवला.

"माझ्या खात्यात काल तुमच्याकडून पैसे जमा झाले. कसले ते विचारायचं होतं. खातं माझं आहे, बायको तिच्या फोनवरून वापरते. तिने केलेला सगळा खर्च मला इथे दिसतो. पाण्याची बाटली घेतली तरी कळतं." तो पुन्हा हसला. "ती म्हणते, तिला काही माहीत नाही. आता माहीत नाही, असं कसं होईल? किती वाजता आली होती ती? एकटीच होती? याआधी कधी काही परत केलंय का तिने?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हे बोलणं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. हेच प्रश्न, याच क्रमाने, त्या स्वतः बावीस वर्षं विचारत आल्या होत्या. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना कसंतरीच झालं. मग ते खोके, ते डबे, गर्दी नसलेली दुपार, सगळं एकदम त्यांच्या डोक्यात उलगडलं. हा माणूस घरात पावडर किती आहे ते बघत नाही, फोन बघतो. आणि ती त्याच्या फोनच्या डोळ्यांदेखत चार-चार पैसे बाजूला काढत होती. ते कशासाठी, हे विचारायला फौजदार कशाला हवा? बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर त्यांना खुर्चीवर बसवेना.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"एक डबा मशीनवर दोनदा मारला गेला माझ्याकडून. संध्याकाळी हिशेब जुळेना म्हणून शोधलं आणि काल जास्तीचे पैसे परत पाठवले. तुमच्या मंडळींना कुठून माहीत असणार? त्या काल आल्याच नव्हत्या."

गृहस्थ हसला नाही. "मॅनेजरना बोलवा. मला लिहून हवंय."

साहेब आले. त्यांना सगळं ठाऊक होतं. पासवर्ड त्यांनीच टाकला होता आणि ती बाई त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "साहेब, माझ्या चुकीचा फॉर्म द्या. दोनदा मारलेल्या डब्याचा."

साहेबांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा त्या गृहस्थाकडे. मग खणातून फॉर्म काढला. तीन चुका झाल्या की काउंटर सुटतो, असं त्या फॉर्मवर ठळक छापलेलं होतं. बावीस वर्षांत बाईंनी त्यावर कधी सही केली नव्हती. त्यांनी ती केली. गृहस्थाने फॉर्मचा फोटो काढला, नीट झाला की नाही ते मोठा करून पाहिलं, आणि मगच गेला.

त्यानंतर महिनाभर निळी पिशवी दिसली नाही. बाईंच्या जिवाला चैन नव्हतं. दार उघडलं की मान वर व्हायची. ट्रॉलीच्या तळाशी काय आहे हे बघायचं राहून जायचं, आणि शेजारच्या कॅशियर एकमेकींकडे बघायच्या.

मग एका सकाळी, दुकान नुकतंच उघडलेलं असताना, ती काउंटरसमोर उभी होती. तिने सामान ठेवलं. दात घासायचा एक ब्रश. एक कंगवा. एक छोटं कुलूप. खांद्याला लावायची एक मोठी बॅग. एकही वस्तू दोन नव्हती.

बाईंनी सवयीने फोनचं यंत्र पुढे सरकवलं. तिने ते हलकेच मागे ढकललं आणि घड्या घालून बारीक केलेल्या नोटा काढल्या.

"त्या दिवशी मी..." बाईंनी यंत्र बाजूला सारलं. "मला कळलं नाही हो. माफ करा."

"तुम्ही त्यांना चूक झाली म्हणालात ना," ती खालच्या आवाजात म्हणाली. "घरी येऊन हसत होते तुम्हाला. म्हणाले, असल्या वेंधळ्या बाईला कामावर ठेवतं तरी कोण."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर बाईंनी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. आता त्यांचा जीव भांड्यात पडला.

"हसू देत," त्या म्हणाल्या. "पुरतील का पण? पैसे?"

"तिकिटापुरते आहेत. पुढचं पुढे."

तिने सगळं सामान नव्या बॅगेत भरलं. पावती घेतली नाही. बाईंनी ती फाडली आणि तुकडे पर्समध्ये टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. शर्ट कालचाच होता बहुधा, चुरगळलेला. या वेळी रांगेत थांबला नाही.

"माझी बायको आली होती का इथे? काल किंवा आज?"

"फोनवर बघा ना तुमच्या. दिसेल की."

त्याने फोन काढला, अंगठ्याने वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. "काही दिसत नाही."

फौजदारबाईंनी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग नसेल आली," त्या म्हणाल्या.